बाबांचा पासंग

याद्या मी केल्या, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की मी बिचारी गरीब गाय होते. चार दुपारी काम बाजूला सारून, मागच्या खोलीतल्या ज्या टेबलावर मी एरवी लोकांचे दात बनवते, त्याच टेबलावर बसून मी आमच्या चौदा वर्षांच्या संसाराचे दोन वाटे पाडले. आता याला संसार म्हणायचं की नाही, यावर लोकांचं दुमत आहे. आमचं लग्न झालेलं नव्हतं. आधी नको होतं, मग घाई नव्हती, आणि मग विषय काढायचा कुणी, यातच वर्षं गेली.

सहा आठवड्यांपूर्वी स्वयंपाकघरात कप विसळता विसळता तो म्हणाला, "मला वाटतं, आता पुरे झालं." आणि मी विचार करायच्या आधीच "मलाही" म्हणून मोकळी झाले. भांडण नाही, तिसरं माणूस नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी बाहेरून तासभर गोड बोलून त्यांना धीर देतो, पण घरी त्याच्या तोंडून एक वाक्य काढायचं तर पकड घेऊन बसावं लागायचं. आणि मी शेवटी शेवटी पकड ठेवून दिली होती. माझी चूक असेल तर ती एवढीच, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते.

वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. नवराबायको असता तर कोर्टाने काहीतरी नियम लावले असते. तुम्ही कायद्याच्या लेखी म्हणजे एका घरावर नाव असलेली दोन माणसं. आपसात मिटवा, नाहीतर घर विका.

विकायचं नाव काढलं की मी विषय बदलायचे. मला घर हवं होतं. खरं म्हणजे मागची खोली हवी होती. बाकीचं घर कुणी काढून नेलं असतं तरी मी चटई टाकून त्या खोलीत राहिले असते. तिथल्या बेसिनखाली मी खास टाकी बसवून घेतली आहे, प्लास्टरचा गाळ नळात जाऊ नये म्हणून. मेण वितळवायच्या ज्योतीसाठी गॅसची नळी भिंतीतून आणलेली, कोपऱ्यात भट्टी, आणि टेबलासमोर मोठी खिडकी. दाताचा रंग दिव्याखाली ठरवता येत नाही, त्याला दिवसाचा स्वच्छ उजेड लागतो, आणि तसा उजेड त्या खिडकीतून संध्याकाळपर्यंत येतो. मला काम देणारे तिन्ही दातांचे डॉक्टर चालत दहा मिनिटांवर. सेहेचाळिसाव्या वर्षी हे सगळं सोडून कुठल्या तरी भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत पुन्हा श्रीगणेशा करायचा, या कल्पनेनेच मला घाम फुटत होता.

वाटण्याची पद्धत त्याच्या घरातली. लहानपणी हा आणि याची मोठी बहीण केकच्या तुकड्यावरून भांडायला लागले की त्यांचे बाबा सुरी एकाच्या हातात द्यायचे. एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. कापणारा मग इतकं मोजून मापून कापतो की भांडणच उरत नाही. बाबा वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. दुकानादुकानांतून फिरून त्यांनी तीस वर्षं तराजू तपासले, तेव्हा घरी असलाच न्याय असणार. त्या बहिणीने, ताईने, आताही तीच युक्ती सुचवली. तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, तिला कापू दे. मी लगेच हो म्हटलं.

लगेच हो म्हटलं, कारण मी त्याला चौदा वर्षं ओळखत होते. कापणाऱ्याने समान कापायचं असतं हे खरं, पण उचलणारा काय उचलेल हे ठाऊक असेल तर समान दिसेल असं कापलं तरी पुरतं.

एका यादीत मी घर लिहिलं. त्याचे राहिलेले हप्ते लिहिले, शेजाऱ्याशी कुंपणाच्या भिंतीवरून चाललेला वाद लिहिला, जुनी वायरिंग लिहिली, घराची सगळी दुखणी एकेक करून लिहिली. दुसऱ्या यादीत तळ्याकाठची खोली. पत्र्याचं छप्पर, एक पलंग, एक चूल, आणि दाराबाहेर पाणी. सात वर्षांपूर्वी घेतली तेव्हापासून तो प्रत्येक सुट्टीला तिथे गळ टाकून बसतो. मासे फारसे मिळत नाहीत, पण तिथून परत येताना तो शीळ घालतो, आणि चौदा वर्षांत त्याने शीळ घातलेली मी फक्त त्या रस्त्यावर ऐकली आहे. त्याच यादीत मी गाडी टाकली, बँकेतली दोघांची ठेव टाकली, त्याच्या आवडीचं लाकडी कपाट टाकलं, खुर्च्या, गाण्यांची सगळी यंत्रं, दोन्ही चांगल्या गाद्या. मला पातेली आणि भिंती उरल्या तरी चालणार होतं. मध्येच एकदा वाटलं, आपण त्याच्या आवडीनिवडी अशा आमिषासारख्या लावतोय, हे बरं नव्हे. मग खिडकीकडे बघितलं आणि पुढे लिहिलं.

आणि घराच्या दुखण्यांत मी लिहिलं, 'गच्ची गळते.' गच्ची गळत नव्हती. महिन्यापूर्वीच मी माणूस आणून ती दुरुस्त करून घेतली होती. तो तेव्हा चार दिवस बाहेरगावच्या कामावर होता. लिहून झाल्यावर मी ते दोन शब्द बराच वेळ बघत बसले, पण खोडले नाहीत.

रविवारी सकाळी दहाला ताई आली. ती हॉस्पिटलात मुख्य परिचारिका आहे, कुठेही गेली तरी वॉर्डात राउंडला आल्यासारखी येते. पर्स खुर्चीला अडकवली, चष्मा लावला, स्वतःचं पेन काढलं. तो तिच्या समोर बसला, मी बाजूला. बाबा पुढच्या खोलीच्या दाराशी त्यांच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन. एकोणऐंशी वर्षांचे, गुडघे गेलेले, त्याची आई गेल्यावर आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे आले ते आमचेच झाले. एरवी पेपर वाचताना ते सारखे काहीतरी बोलतात, मंत्र्यांना शिव्या घालतात. त्या दिवशी पान उलटल्याचाही आवाज येत नव्हता.

"वाचते," ताई म्हणाली. "कुणी मध्ये बोलायचं नाही. एकदा वाचून झालं की यादीत बदल नाही. मान्य?"

"मान्य," आम्ही दोघं एकदमच म्हणालो, आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

तिने सावकाश वाचलं. तळ्याकाठच्या खोलीचं नाव आलं तेव्हा मी त्याच्या हातांकडे बघत होते. बोटं टेबलावर सरळ ठेवलेली होती, ती जराशी आत वळली. बस्, एवढंच. पण मला तेवढं पुरे होतं. माझ्या मनात कुणीतरी टाळी दिली.

मग घराची यादी. हप्ते. कुंपण. वायरिंग. "गच्ची गळते," ताईने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अजून? गेल्या वर्षी म्हणत होतीस तेच का?"

मी मान हलवली. तोंडातून शब्द काढला असता तर तो खोटा वाटला असता.

बाबांनी पेपर खाली केला. गच्चीचा माणूस आला होता तेव्हा बाबा घरातच होते. त्याला चहा त्यांनीच द्यायला लावला होता, आणि त्याने डांबर नीट मापून घेतलं की नाही यावरून त्याच्याशी हुज्जतही घातली होती. आता ते माझ्याकडे बघत होते. तीस वर्षं ज्यांनी दुकानदारांच्या तोंडाकडे बघून तराजूतली खोट ओळखली, ते डोळे. एक शब्द बोलले असते तर सगळं संपलं असतं. याद्या रद्द, माझी पत गेली, आणि त्यानंतर घर विकायलाच लागलं असतं.

बाबांनी पेपर पुन्हा वर केला.

"झालं," ताई म्हणाली. "आता तू उचल."

"थांबा," पेपरामागून आवाज आला. "मी कुठे आहे?"

कुणाला काही कळेना. ताईने विचारलं, "म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे हेच. पातेली आली, गाद्या आल्या, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा आली. कारागीर बारकाईने काम करते, मला ठाऊक आहे." ते मला कारागीर म्हणतात, पहिल्या दिवसापासून. सून म्हणता येत नव्हतं म्हणून शोधलेलं नाव, पण मला ते सुनेपेक्षा आवडतं. "पण मी कुठल्याच यादीत नाही."

मला लाज वाटली. खरंच सांगते, धरणी दुभंगावी इतकी लाज वाटली. चार दुपारी मी एकेक चमचा तोलला होता. बाबा त्याच्याबरोबर जाणार हे मी इतकं गृहीत धरलं होतं की त्यांचा विचारच केला नव्हता. त्या तळ्याकाठच्या खोलीत संडास बाहेर आहे, पन्नास पावलांवर, उतारावर. आमच्या मोरीत बाबांसाठी भिंतीला दांड्या मीच बसवून घेतल्या होत्या. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण याद्या करताना मला ते माहीत असायला नको होतं.

"बाबा, तुम्ही काय वस्तू आहात का?" ताई म्हणाली.

"वस्तू नाही, वजन आहे." बाबांनी पेपराची नीट घडी केली. "खोट्या तराजूत काय करतात, सांगू? पारड्याच्या तळाला मेणाचा गोळा लावतात. त्याला पासंग म्हणतात. दिसत नाही, पण पारडं हवं तिकडे झुकतं. या याद्यांतला पासंग मला दिसला. कुठे लावलाय ते सांगत नाही. मी आपला दुसऱ्या पारड्यात बसतो, म्हणजे काटा सरळ होईल. लिही मला घराच्या यादीत. मला या वयात हे घर सोडवणार नाही."

ताईचं पेन कागदावर अडखळलं, पण तिने लिहिलं. माझ्या यादीच्या खाली, माझ्या अक्षराखाली, तिच्या गोल अक्षरात, 'बाबा'.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी गच्चीचं बिंग फोडलं नाही, ते माझ्यावरच्या मायेने नव्हे. त्यांना माझी फजिती करायची नव्हती, फक्त मला हरवायचं होतं. ज्या यादीत बाप, तीच यादी मुलगा उचलणार. पोटचा मुलगा दुसरं काय उचलेल? घर मुलाचं, बाप मुलाचा, आणि मी माझी भट्टी घेऊन रस्त्यावर. आठ वर्षं त्यांच्या गोळ्या वेळेवर मी दिल्या. रक्ताचं नातं ते रक्ताचंच, म्हणतात ना. मला बाबांचा राग आला.

तो उठला. "दहा मिनिटं द्या," म्हणाला आणि वर गच्चीवर गेला.

वर त्याची पावलं इकडून तिकडे जाताना ऐकू येत होती. ताई घड्याळाकडे बघत होती. बाबा खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचा चेहरा अगदी निवांत होता, निकाल आधीच माहीत असलेल्या माणसाचा असतो तसा. मी मनातल्या मनात मागची खोली रिकामी करत होते. भट्टी आधी, मग साचे, मग टेबल. टाकी निघणार नाही, ती भिंतीत आहे. नवीन जागेच्या मालकाला प्लास्टरचा गाळ चालेल का? प्लास्टरचे जबडे कुठे ठेवायचे? मध्येच वाटलं, आपण सही केलीच नाही तर? घरावर माझंही नाव आहे. मी अडून बसले तर हा काय करणार? मग आठवलं की तोही मग अडून बसेल, आणि शेवटी विक्रीची पाटी लागेल.

तो खाली आला. बसलासुद्धा नाही. उभ्यानेच दोन्ही कागद बघितले आणि एकावर बोट ठेवलं.

"ही."

तळ्याकाठची.

"नीट वाचलीस ना?" ताईचा आवाज एकदम बारीक झाला. "दुसऱ्या यादीत बाबा आहेत."

"वाचलं."

मी बाबांकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. ते तसेच बसले होते. फक्त घडी केलेला पेपर त्यांनी पुन्हा उघडला होता.

घर माझं झालं होतं. खिडकी, बेसिन, भट्टी, सगळं. जे हवं होतं ते अगदी तसंच्या तसं पदरात पडलं होतं, आणि मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं वाटत होतं.

"गच्ची गळत नाही," मी म्हणाले. "मी दुरुस्त करून घेतली. खोटं लिहिलं होतं. तुला बदलायचं असेल तर बदल."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी आलो तेव्हा डांबराचा वास येत होता. आत्ता वर जाऊन पाहिलंही."

"मग?"

"मग काय. मला तिकडेच जायचं होतं. तू नाही का, मला हवं तेच लिहिलंस."

"आणि बाबा?"

"तिथे त्यांचं कसं होणार? संडास बाहेर आहे. मी दिवसभर कामावर." तो माझ्याशी बोलत होता, पण बघत टेबलाकडे होता. "आणि तू त्यांचं माझ्यापेक्षा नीट करतेस. खोटं आहे का हे?"

खोटं नव्हतं, म्हणूनच माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, ते इथे बसलेत!" मी ओरडले. चौदा वर्षांत पहिल्यांदा इतक्या मोठ्याने. "तीन पावलांवर बसलेत! त्यांना सांग. त्यांच्याकडे तोंड करून सांग. लिफ्टमधल्या परक्या माणसाशी बोलतोस की नाही, घाबरू नका, मी आहे म्हणून? दाराच्या या बाजूला आलास की काय जिभेला कुलूप लागतं तुझ्या?"

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं आता बोलेल. तो टेबलावरचे कागद सरळ करत राहिला. आणि खरं सांगायचं तर मी जे ओरडले त्यातलं निम्मं माझ्यासाठीही होतं. मीही बाबांना विचारलं कुठे होतं?

"भांडू नका," ताई म्हणाली. "मी नेते बाबांना. बाबा आधी यादीत नव्हतेच, तिच्यावर कशाला लादायचं?" पण म्हणताना तिचा चेहरा पडला. ती चौथ्या मजल्यावर राहते, दोन खोल्यांत पाच माणसं, आणि लिफ्टवाल्याच्या बहिणीच्या इमारतीला लिफ्ट नाही. बाबा एकदा वर चढले तर पुन्हा खाली उतरणार नाहीत, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

"माझा अंदाज चुकला," बाबा म्हणाले. अगदी सरळ, सरकारी अहवाल वाचून दाखवावा तसं. मग माझ्याकडे वळून, "मी वजन तुझ्या विरुद्ध टाकलं होतं, कारागीर. तुला कळलं असेल."

"कळलं."

"मला वाटलं, तो घर घेईल."

"मलाही वाटलं होतं, बाबा."

मी त्यांना याच्या आईच्या दहनाच्या दिवशी पाहिलं होतं, तेव्हाही ते इतके लहान दिसले नव्हते. त्यांचा राग माझ्या मनातून कधी गेला ते कळलंच नाही. आपण सगळ्यांनी मिळून या माणसाला पातेल्यांच्या खाली लिहिलं आणि मग नको म्हणून बाजूला सारलं, एवढंच दिसत होतं.

मी ताईच्या हातातून पेन घेतलं. यादीतलं शेवटचं नाव खोडलं. एकदा खोडून समाधान होईना, म्हणून कागद फाटेपर्यंत खोडलं.

"बदल करायचा नाही असं ठरलं होतं," ताई पुटपुटली.

"यादीत वस्तू असतात," मी म्हणाले. "याने खोली उचलली, मला घर आलं, इथवर ठीक आहे. माझी सही घे." मी सही केली. त्याच्याकडे कागद सरकवला, त्यानेही केली. त्याची सही नेहमीसारखीच आली, याचासुद्धा मला राग आला.

मग मी माझी खुर्ची उचलली आणि बाबांच्या समोर नेऊन ठेवली. त्यांच्याशी बोलायला आमच्यापैकी सकाळपासून कुणी खुर्ची हलवली नव्हती.

"बाबा, वाटण्या झाल्या. तुम्ही कुणाच्या वाट्याला आलेला नाहीत. आता विचारते. तुम्हाला कुठे राहायचंय? इथे राहा, मला हवे आहात. मी सोपी बाई नाही, ते तुम्हाला माहीतच आहे, आणि आज काय केलं तेही तुम्ही पाहिलंत. ताईकडे जायचं असेल तर मी स्वतः खुर्चीवर बसवून चार माणसांकरवी तुम्हाला वर नेईन. तळ्यावर जायचं असेल तर हा संडास आत बांधून देईल. माणसांना दहा दहा मजले वर नेतो, त्याला एक संडास आत आणणं जड नाही. पण तुम्ही सांगाल तसं. आम्ही नाही ठरवणार."

त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच बापाकडे पाहिलं. "बांधेन," तो म्हणाला. "बाबा, यायचं असेल तर बांधेन मी."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग माझ्याकडे. प्रत्येकाकडे सारखाच वेळ. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. पाठ खुर्चीला टेकवली.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

"कधी?" ताईने विचारलं.

"घाई आहे का तुम्हाला?"

कुणालाच घाई नव्हती. म्हणजे तसं आम्ही तिघांनीही सांगितलं. बाबांनी पेपर उचलला आणि मधलं पान काढून वाचायला लागले, आणि ते इथे राहायला नाही म्हणाले तर काय, या भीतीने मी त्या रिकाम्या होऊ घातलेल्या, माझ्या एकटीच्या घरात खुर्चीला घट्ट धरून बसून राहिले.